दात, पाटी आणि मत: अमेरिकेत राज्य बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी सोडून टेक्ससला आलो तेव्हा ट्रकचं भाडं, नव्या घराचं डिपॉझिट, मुलीच्या शाळेचे कागद, सगळं वहीत मांडून ठेवलं होतं. आमच्या कुत्र्याचे, मोतीचे दात त्या वहीत नव्हते. नव्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, पहिल्याच तपासणीत त्याचा ओठ वर करून दाखवला. मागच्या दाढांवर तपकिरी कीटण साचलेलं, आणि एक दाढ चक्क हलत होती. खर्चाचा अंदाज हातात पडला त्याच आठवड्यात गाडीची नंबराची पाटी बदलायची मुदत संपत आली होती आणि लायसन्सच्या अर्जावर मतदार नोंदणीचा रकाना समोर होता.

नंतर मंडळातल्या लोकांचे फोन येत राहिले, आणि प्रश्न बहुतेक तेच असत. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा ज्या राज्याचं नाव घेतलं आहे त्याच राज्याचा तो नियम समजा. फीचे आकडेही वाढत असतात, म्हणून निघण्याआधी त्या खात्याच्या साइटवर एकदा नजर टाका.

## कुत्र्या-मांजरांचे दात

दात साफ करायला माणसापेक्षा कुत्र्याला जास्त पैसे कसे लागतात?

माणूस आ करून खुर्चीत बसतो, कुत्रा बसत नाही. हिरडीखालचं कीटण काढायचं तर त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. भूल म्हटली की आधी रक्ततपासणी, मग सलाइन, श्वासनलिकेत नळी, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बघत बसणारा वेगळा माणूस, आणि शुद्धीवर येईपर्यंत देखरेख. त्यावर दातांचे एक्स-रे. वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०. वरून पांढऱ्या दिसणाऱ्या दाताच्या मुळाशी पू असू शकतो आणि तो एक्स-रेशिवाय कळत नाही.

त्यामुळे बिल काही शे डॉलरपासून सुरू होतं, आणि दात काढायची वेळ आली की हजाराच्या बरंच पुढे जातं. वरची मोठी दाढ तीन मुळांची असते. ती काढणं म्हणजे हिरडी उघडून, दात कापून, एकेक मूळ वेगळं करून टाके घालणं. लहानशी शस्त्रक्रियाच ती.

भूल न देता स्वस्तात साफ करून देणारे असतात. त्यांच्याकडे नेलं तर?

नेऊ नका. तिथे दाताचा दिसणारा भाग खरवडून पांढरा करतात. आजार असतो हिरडीखाली, आणि जागं जनावर तिथे हत्यार लावू देत नाही. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेज ही दंतवैद्यक तज्ज्ञांची संस्था या प्रकाराच्या विरोधात आहे. पैसे गेलेले असतात, दात चमकत असतात, आणि आपण निर्धास्त होऊन आणखी वर्षभर थांबतो. खरं नुकसान त्या थांबण्याने होतं.

एस्टिमेट हातात आल्यावर काय विचारायचं?

घाबरून सही करू नका, आणि घाबरून उठूनही जाऊ नका. शांतपणे विचारा. हा आकडा कमीत कमीचा आहे की जास्तीत जास्तीचा? एक्स-रे, रक्ततपासणी, घरी द्यायची वेदनाशामक औषधं यात धरली आहेत का? भूल दिल्यावर आणखी दात खराब निघाले तर मला फोन करून विचाराल का, आणि मी फोन उचलला नाही तर काय कराल? किती रकमेपर्यंत विचारायची गरज नाही, हे आधीच लिहून देता येतं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मला उशिरा सुचला: ‘यातलं आत्ता केलंच पाहिजे असं काय, आणि तीन महिन्यांनी केलं तर चालेल असं काय?’ हलणारा दात, मुळाशी पू, तुटून आतली नस उघडी पडलेला दात या गोष्टी थांबत नाहीत. काही व्हेट काम दोन टप्प्यांत करायला तयार होतात. दोनदा भूल म्हणजे एकूण खर्च थोडा वाढतो, पण एकदम भरायचा आकडा आवाक्यात येतो. पैशाची अडचण व्हेटला सांगायला आपल्याकडे लोकांना फार संकोच वाटतो. मलाही वाटला. पण ती सांगितल्याशिवाय समोरचा दुसरा मार्ग सुचवणार कसा?

एवढे पैसे एकदम नाहीत. कुठे कुठे विचारावं?

आधी दुसऱ्या दवाखान्याचं एस्टिमेट घ्या. त्यासाठी पहिल्या व्हेटकडून तपासणीचे कागद आणि काढले असतील तर एक्स-रे मागून घ्या. शहराच्या मध्यात आणि तासाभरावरच्या गावात मोठा फरक निघू शकतो. त्यानंतर तुमच्या भागातली ह्युमेन सोसायटी किंवा एसपीसीए, म्हणजे प्राण्यांसाठी काम करणारी संस्था, बघा. अशा काही संस्थांचे स्वतःचे दवाखाने असतात आणि काही ठिकाणी उत्पन्न पाहून दर लावतात. २११ या नंबरवर फोन करून परिसरातल्या मदतीची चौकशी करता येते. व्हेटर्नरी टेक्निशियन घडवणारी काही कम्युनिटी कॉलेजं विद्यार्थ्यांच्या सरावासाठी, व्हेटच्या देखरेखीखाली, कमी दरात दात साफ करून देतात. तिथे नंबर लागायला वेळ लागतो आणि आजारी जनावर घेत नाहीत, पण दर वर्षीच्या साध्या सफाईसाठी मार्ग उत्तम.

यूसी डेव्हिस, कॉर्नेल, पेन यांच्यासारख्या विद्यापीठांच्या पशुवैद्यकीय रुग्णालयांत दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे काम उत्कृष्ट होतं, पण विद्यापीठ म्हणून स्वस्त असेल असं समजून जाऊ नका. ती तज्ज्ञांची जागा आहे. अवघड केससाठी जा.

फेब्रुवारी हा अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या दातांचा महिना म्हणून पाळतात. बरेच दवाखाने त्या महिन्यात, काही जानेवारी ते मार्च, सवलत देतात. काम थांबण्यासारखं असेल तर डिसेंबरातच फोन करून तारीख धरा.

दवाखान्याच्या बिलांसाठी मिळणारं केअरक्रेडिट हे क्रेडिट कार्ड घ्यावं का?

घ्या, पण गणित कागदावर मांडून. ‘बारा महिने व्याज नाही’ या योजनेत बारा महिन्यांत पूर्ण रक्कम फिटली तरच व्याज नाही. शेवटी पन्नास डॉलर जरी उरले, तरी व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, आणि दर चढा असतो. महिन्याला जी किमान रक्कम मागतात तेवढीच भरत गेलात तर मुदतीत कर्ज फिटेलच असं नाही. १,२०० डॉलरचं बिल असेल तर बाराने भागा आणि दर महिन्याला १०० डॉलर आपोआप जातील अशी सोय पहिल्याच दिवशी करा. शक्य असेल तर दहानेच भागा.

ही भीती काल्पनिक नाही. दवाखान्यांच्या काउंटरवर हे कार्ड गळ्यात मारताना लोकांना अटी नीट सांगितल्या जात नव्हत्या, म्हणून २०१३ साली केंद्राच्या ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोने त्या वेळच्या केअरक्रेडिटला ३ कोटी ४१ लाख डॉलरपर्यंतची भरपाई ग्राहकांना द्यायला लावली होती. काही दवाखाने स्वतःच बिनव्याजी हप्ते देतात. ते आधी विचारा.

पेट इन्शुरन्समध्ये दात धरतात का?

पॉलिसीत ‘डेंटल इलनेस’ हे शब्द आहेत का ते शोधा. अपघात आणि आजाराच्या बऱ्याच पॉलिसी दाताचा आजार आणि दात काढणं धरतात, पण नेहमीची सफाई धरत नाहीत. तिच्यासाठी वेगळं वेलनेस पॅकेज लागतं. आधीपासून असलेला आजार सहसा कोणी धरत नाही, आणि व्हेटच्या कागदावर एकदा ‘हिरडीचा आजार’ असं लिहिलं गेलं की तो आधीपासूनचा झाला. म्हणून इन्शुरन्स घ्यायचा तर पिल्लू असताना घ्या. मोतीसाठी मी आठव्या वर्षी चौकशी केली, तेव्हा उशीर झाला होता.

एचएसए किंवा एफएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त खात्यांमधून भरता येईल?

नाही. सेवा प्राण्याचा खर्च तेवढा चालतो, उदाहरणार्थ अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक कुत्र्याचा.

घरी काय केलं तर हा खर्च टळेल?

ब्रश. रोज. बाकी सगळं त्याच्या मागे. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊन कीटण बनतो, आणि मग तो ब्रशने निघत नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नका. तिच्यात गोडव्यासाठी घातलेलं झायलिटॉल असेल तर कुत्र्याला ते विष आहे. सुरुवातीला नुसतं बोटाला कुत्र्यांची पेस्ट लावून चाटू द्या, आठवड्याने ओठ वर करून बाहेरच्या बाजूने फिरवा. आतल्या बाजूसाठी झगडत बसायची गरज नाही.

चघळायच्या वस्तू घेताना पाकिटावर व्हीओएचसीची मोहोर बघा. व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल चाचणीचा पुरावा तपासून ती देते. हाडं, हरणाची शिंगं, कडक नायलॉनची हाडं देऊ नका. अंगठ्याचं नख रुतत नाही अशा वस्तूवर वरची मोठी दाढ तडकते, आणि तो खर्च कशाहूनही मोठा.

माझा कुत्रा बारा वर्षांचा आहे. या वयात भूल द्यावी का?

वय हा आजार नाही, असं व्हेट सांगतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय कसं आहे हे तपासून ठरवायचं. दुखणारं तोंड घेऊन जगणं म्हाताऱ्या जीवालाही नको असतं, फक्त तो सांगत नाही. कुत्री-मांजरं दात ठणकत असतानाही खात राहतात. एका बाजूने चावणं, घास खाली पडणं, तोंडाला घाण वास, डोळ्याखाली सूज, यांतलं काही दिसलं तर थांबू नका.

राज्य सोडताना व्हेटकडून काय घ्यायचं?

पूर्ण फाइल, एक्स-रेच्या मूळ फाइलींसकट, आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र. अनेक राज्यांना प्रवेशासाठी व्हेटने सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. नव्या राज्यातला व्हेट स्वतः तपासल्याशिवाय औषध लिहून देत नाही, म्हणून नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या भरून घ्या. आणि माझी चूक करू नका: राज्य सोडण्याआधीच दात जुन्या व्हेटला दाखवा. तो जनावराला ओळखतो, आणि घर बदलण्याच्या महिन्यातला खर्च मागच्या महिन्यात सरकतो.

## गाडी

नव्या राज्यात गाडी किती दिवसांत नोंदवायची?

टेक्ससमध्ये ३० दिवस. कॅलिफोर्नियात २०, पेन्सिल्व्हेनियातही २०. न्यू यॉर्क, जॉर्जिया, व्हर्जिनिया, इलिनॉय ३०. न्यू जर्सी ६०. फ्लोरिडात नोकरी धरली किंवा मुलाला शाळेत घातलं की १०. मॅसॅच्युसेट्स सवलतच देत नाही, रहिवासी झालात की लगेच. लायसन्सची मुदत वेगळी असते. टेक्ससमध्ये ती ९० दिवस, कॅलिफोर्नियात फक्त १०.

हे दिवस कधीपासून मोजायचे? आम्ही सध्या एअरबीएनबीत आहोत.

राज्यात रहिवासी झाल्यापासून, आणि रहिवासी होण्यासाठी स्वतःचं घर लागत नाही. कायमची नोकरी लागली, भाडेकरार केला, मुलं शाळेत गेली, मतदार म्हणून नाव घातलं, यांतलं काहीही राज्याला पुरावा म्हणून पुरतं. घर मिळाल्यावर मोजू, असं म्हणत बसू नका.

टेक्ससमध्ये कोणत्या क्रमाने जायचं?

आधी इन्शुरन्स, मग गाडी, मग लायसन्स. इथे गाडीची नोंदणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टॅक्स ऑफिसात होते आणि लायसन्स डीपीएस या राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे. न्यू जर्सीसारखं सगळं एकाच खात्याकडे नाही. लायसन्स बदलायला गेलात की डीपीएस तुमच्या गाडीचं टेक्ससचं रजिस्ट्रेशन मागतं, म्हणून क्रम उलटा केलात तर हेलपाटा पडतो.

इन्शुरन्स टेक्ससच्या किमान मर्यादेचा लागतो, म्हणजे एका माणसाच्या दुखापतीला ३०,०००, एका अपघाताला ६०,००० आणि मालमत्तेला २५,००० डॉलर. एवढ्यावर गाडी चालवायला कायदा परवानगी देतो. मी देणार नाही. आजच्या रुग्णालयांच्या बिलांपुढे ३०,००० काहीच नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी टेक्ससने बंद केली, पण डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनच्या आसपासच्या काउंट्यांत धुराची तपासणी अजून आहे.

पुन्हा टॅक्स भरावा लागतो का?

राज्यावर आहे. टेक्सस नव्या रहिवाशाकडून विक्रीकराऐवजी ९० डॉलर घेतं. जॉर्जिया गाडीच्या किमतीच्या ३ टक्के मागतं, आणि नवी महागडी गाडी असेल तर तो आकडा बोचतो. फ्लोरिडात पहिल्यांदा पाटी घेताना २२५ डॉलर वेगळे. बाकी बहुतेक राज्यं आधीच्या राज्यात भरलेला विक्रीकर वजा करून देतात, मात्र पावती दाखवावी लागते. गाडी घेतल्याची मूळ बिलं ट्रकमधल्या खोक्यात घालू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

कॅलिफोर्नियाचा एक नियम लोकांना फार महागात पडतो. तिथे राहणाऱ्याने दुसऱ्या राज्यातून ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली गाडी आणली, आणि ती कॅलिफोर्नियाच्या धुराच्या मानकात बसणारी नसली, तर ती तिथे नोंदवताच येत नाही. विकत घेण्याआधी बॉनेटखालचं लेबल वाचा.

गाडीवर कर्ज आहे, टायटल (मालकीचा कागद) बँकेकडे आहे. मग?

निघायच्या महिनाभर आधी बँकेला फोन करा. टायटल नव्या राज्याच्या खात्याकडे थेट पाठवायची त्यांची ठरलेली पद्धत असते, पण तिला वेळ लागतो. गाडी लीजवर असेल तर लीज कंपनीचं अधिकारपत्र लागतं, आणि ते यायला आणखी उशीर होतो.

जुना इन्शुरन्स कधी बंद करायचा?

नवी पाटी लागल्यावर आणि जुनी परत केल्यावर. त्याआधी नाही. न्यू यॉर्कमध्ये पाटी परत न करता इन्शुरन्स बंद केलात तर तुमचं रजिस्ट्रेशन निलंबित होतं, प्रकरण लांबलं तर लायसन्ससुद्धा. न्यू जर्सी आणि फ्लोरिडाही पाट्या परत मागतात. पाटी परत केल्याची पावती जपून ठेवा. माझ्याकडे वर्षभराने चौकशीचं पत्र आलं, आणि त्या चिठ्ठीने काम झालं.

जुन्या राज्याची पाटी स्वस्त आहे. तीच ठेवली तर?

पोलिसांचा दंड हा यातला छोटा भाग. इन्शुरन्स कंपनी गाडी रात्री कुठे उभी असते त्यावर हप्ता ठरवते. पत्ता खोटा निघाला तर अपघातानंतर ती पैसे नाकारू शकते, आणि तेव्हा वाचवलेले दोन-चारशे डॉलर कुठल्या कुठे जातात. मोंटानात विक्रीकर नाही म्हणून तिथे कागदावर कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घ्यायचा सल्लाही कानावर येतो. बाकीची राज्यं अशा गाड्या शोधून कर आणि दंड वसूल करतात. ज्या घरात आपण झोपतो, त्या घराचा पत्ता सगळीकडे द्यावा.

मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे. तिची गाडी?

ती तिथे केवळ शिकायला असेल तर बहुतेक राज्यं घरच्या राज्याची पाटी चालू देतात. तिथे नोकरी धरली तर काही ठिकाणी नियम बदलतो. इन्शुरन्स कंपनीला मात्र गाडी कुठे आहे ते कळवाच. लष्करात असलेल्यांना केंद्राच्या कायद्याने वेगळं संरक्षण आहे.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना लायसन्स किती वर्षांचं मिळतं?

तुमच्या मुक्कामाच्या परवानगीपर्यंतचं. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख आणि लायसन्सची तारीख सोबत चालतात. मुदतवाढ प्रलंबित असेल तर त्याची पावती घेऊन जा.

## मत आणि रहिवास

लायसन्स काढताना मतदार नोंदणी करायची का असं विचारतात. ग्रीन कार्डवर असलेल्याने काय म्हणायचं?

नाही. स्पष्ट, मोठ्याने, नाही. एच-१बी, विद्यार्थ्यांचा एफ-१, ग्रीन कार्ड, सगळ्यांचं उत्तर हेच.

हा प्रश्न तिथे येतो तो १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यामुळे. लोक त्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात. ४४ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत लायसन्सच्या अर्जासोबत मतदार नोंदणी विचारणं बंधनकारक आहे. नोंदणी हक्काच्या माणसापर्यंत पोचावी हा त्याचा चांगला हेतू. पण काउंटरवर बसलेल्याला तुमचा व्हिसा काय हे दर वेळी लक्षात राहत नाही, आणि आपल्याकडची वडीलधारी माणसं समोरच्या अधिकाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका काकू भारतातून ग्रीन कार्डवर आल्या. लायसन्सच्या खिडकीवर भराभर प्रश्न येत होते. अवयवदान? हो. पत्ता हाच? हो. मतदार नोंदणी? मान डोललीच. मुलगा शेजारी उभा होता म्हणून त्याने तिथल्या तिथे थांबवलं आणि कागद फाडायला लावला. तो नसता तर काकूंची सही ‘मी अमेरिकेची नागरिक आहे’ या वाक्याखाली गेली असती.

त्या वाक्याचं वजन फार आहे. १९९६ च्या कायद्यानुसार नागरिक असल्याचा खोटा दावा हे देशाबाहेर काढण्याचं आणि पुन्हा कधीच प्रवेश न देण्याचं कारण ठरू शकतं, आणि त्यातून माफीची दारं जवळजवळ नाहीत. केंद्राच्या निवडणुकीत मत दिलं तर तो फौजदारी गुन्हा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जावर तुम्ही कधी नोंदणी केली का, मत दिलं का, असं थेट विचारतात. आईवडिलांना लायसन्ससाठी नेत असाल तर हा एक प्रश्न घरून निघतानाच समजावून सांगा, आणि अर्जावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा.

चुकून नोंदणी झाली आहे. आता?

मत देऊ नका. मतपत्रिका घरी आली तरी देऊ नका. आणि स्वतःहून पत्रं लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. नाव काढून टाकायचं पत्र त्याच्या सल्ल्याने पाठवा, पोच घ्या, अर्जाची प्रत मिळवा. एन-४०० भरताना ही गोष्ट लपवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. वकिलाची फी जड वाटेल, तरी इथे हात आखडता घेऊ नका.

भारतीय पासपोर्टवर आहे. मग भारतात मत देता येतं का?

येतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं. मत द्यायला स्वतः मतदान केंद्रावर जावं लागतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मताचा हक्क नाही.

मी अमेरिकन नागरिक आहे. नव्या राज्यात किती राहिल्यावर मत देता येतं?

पूर्वी टेनेसीसारखी राज्यं वर्षभर राहायची अट घालत. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डन विरुद्ध ब्लमस्टाइन खटल्यात ती रद्द केली. आता अडतं ते नोंदणीच्या शेवटच्या तारखेवर. टेक्ससमध्ये ती मतदानाच्या ३० दिवस आधी, कॅलिफोर्नियात १५ दिवस आधी, आणि कॅलिफोर्नियात त्यानंतरही मतदानाच्या दिवसापर्यंत केंद्रावर जाऊन सशर्त नोंदणी करता येते. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही.

टेक्ससमध्ये पहिल्यांदा नाव घालताना ऑनलाइन फॉर्म भरून पाठवता येत नाही. छापून, पेनाने सही करून, काउंटीच्या रजिस्ट्रारला पाठवावा लागतो. बऱ्याच काउंट्यांत हा रजिस्ट्रार म्हणजे तुम्ही गाडीची पाटी घेतलेलं तेच टॅक्स ऑफिस, तेव्हा दोन्ही कामं एका फेरीत करा. आणि लक्षात ठेवा, मतदानाला न्यू जर्सीचं लायसन्स ओळखपत्र म्हणून टेक्सस घेत नाही. नवं लायसन्स आलं नसेल तर अमेरिकन पासपोर्ट न्या.

मुदत चुकली. ऐन निवडणुकीच्या तोंडावर राज्य बदललं.

राष्ट्राध्यक्षाची निवडणूक असेल तर मत वाया जात नाही. १९७० मध्ये सुधारलेल्या मतदान हक्क कायद्यानुसार, मतदानाआधीच्या ३० दिवसांत राज्य बदलून नव्या ठिकाणी नोंदणी करता आली नाही, तर जुन्या राज्यात राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्यापुरतं मत देता येतं, प्रत्यक्ष किंवा टपालाने. बाकीच्या पदांसाठी नाही.

जुन्या राज्याच्या यादीत नाव राहिलं आहे. गुन्हा आहे का?

नाव दोन ठिकाणी राहणं हा गुन्हा नाही, ते यादीतली झाडझूड झाली नाही म्हणून होतं. दोन ठिकाणी मत देणं हा गुन्हा आहे. त्याच राज्यात घर बदललं तर लायसन्सचा पत्ता बदलताना बहुतेक ठिकाणी मतदार यादीतला पत्ताही बदलतो. राज्य बदलल्यावर तसं आपोआप होत नाही. नव्या अर्जावर जुना पत्ता विचारतात, तो भरा. जुन्या काउंटीला दोन ओळींचं पत्रही टाका.

दोन घरं आहेत. गाडी एका राज्यात, मत दुसऱ्यात, चालेल?

मतासाठी घर एकच, जिथे आपण राहतो आणि बाहेर गेलो तरी जिथे परतायचा इरादा असतो ते. टेक्ससचा निवडणूक कायदा जवळपास याच शब्दांत व्याख्या करतो. गाडीची पाटी हा त्याचा एक पुरावा, निर्णय नव्हे. पण पाटी एका राज्याची, मत दुसऱ्या राज्यात, आयकराचा पत्ता तिसरा असं झालं की कोणीतरी विचारणारच, आणि बहुधा आयकरवालेच आधी विचारतात. एक घर ठरवा आणि सगळे कागद त्या घराकडे वळवा.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी कुठे नाव घालायचं?

त्यांना निवड आहे, आईवडिलांचं घर किंवा कॉलेजचं गाव. टेक्ससच्या वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना रजिस्ट्रार वेगळे प्रश्न विचारून अडवत असे. ती लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. आपल्या मुलांना आज हा हक्क सहज मिळतो, तो त्या मुलांनी मिळवलेला आहे.

आईवडील अमेरिकन नागरिक आहेत, पण आता भारतातच राहतात.

ते अमेरिकेत शेवटचे जिथे राहिले त्या राज्यातून त्यांना मत देता येतं. १९८६ च्या कायद्याने परदेशात राहणाऱ्या नागरिकांना हा हक्क आहे. त्यासाठी फेडरल पोस्टकार्ड अर्ज दर वर्षी नव्याने भरून पाठवावा. मतपत्रिका टपालाने यायला वेळ लागतो, ईमेलने मागवायचा पर्याय निवडा.

सगळं वेळेत केलं, तरी केंद्रावर यादीत नाव सापडलं नाही तर?

परत फिरू नका. २००२ च्या कायद्यानुसार, मी नोंदणीकृत आहे असं लिहून दिलंत तर प्रोव्हिजनल बॅलट, म्हणजे पात्रता तपासून मग मोजायची मतपत्रिका, मागायचा तुम्हाला हक्क आहे. आधी केंद्र तुमचंच आहे ना ते विचारा, कारण चुकीच्या केंद्रावर दिलेलं असं मत काही राज्यांत मोजत नाहीत. मत दिल्यावर ते मोजलं गेलं की नाही हे कसं बघायचं, याची लेखी माहिती ते देतात. तो कागद घेतल्याशिवाय केंद्रातून बाहेर पडू नका.